नीरेकाठची अनवाणी तट्टे

लोणंदचा कांदा बाजार मागे टाकून फलटणच्या रस्त्याला लागले की दोन निरनिराळे मुलूख एकाच वेळी दृष्टीस पडतात. डाव्या हाताला नीरेचे खोरे, कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस आणि त्यामधून डोकावणारी गावे. उजव्या हाताला शंभू महादेवाच्या डोंगररांगेकडे चढत गेलेली माळराने, कुसळी गवत, बाभळी आणि खडक. भोर तालुक्यातील सह्याद्रीत उगम पावलेली नीरा बऱ्याच अंतरापर्यंत पुणे आणि सातारा जिल्ह्यांची सीमा होऊन वाहते आणि पुढे नीरा नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. तिच्या दोन्ही काठांवरचे कालवे आले आणि पाण्याखालचा मुलूख बदलला. माळ मात्र पूर्वीसारखाच राहिला. या माळावर धनगर राहतात आणि त्यांच्या मेंढ्यांबरोबर त्यांची तट्टे राहतात.

आषाढी वारीच्या दिवसांत याच रस्त्याने ज्ञानेश्वर माउलींची पालखी जाते. तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून माउलींचा अश्व धावतो, त्या अश्वावर स्वार नसतो, आणि त्याच्या टापांखालची माती उचलून कपाळी लावण्यासाठी माणसे वाकतात. घोड्याच्या पायाला इतका मान मिळण्याचा प्रसंग या रस्त्यावर वर्षातून एकदाच येतो. एरवी वर्षभर याच रस्त्याने जाणाऱ्या तट्टाच्या पायाकडे सहसा कोणी पाहत नाही.

फलटण हे नाईक निंबाळकरांचे संस्थान. शिवाजी महाराजांच्या राणी सईबाई याच घराण्यातील. गावात दिगंबर जैनांची जुनी मंदिरे आहेत, आणि कापड, धान्य, भुसार, सराफी या व्यवसायांत पिढ्यानपिढ्या स्थिरावलेली जैन घरे आहेत. पूर्वेला नातेपुते आणि त्याजवळचे दहिगाव हे अतिशय क्षेत्र, नदीपलीकडे बारामती, आणि इंदापूर तालुक्यात उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या नावाने वसलेले वालचंदनगर. गुजरातेतून आलेली आणि आता घरात गुजराती, पेढीवर मराठी बोलणारी कितीतरी कुटुंबे या पट्ट्यात भेटतात. दर्शनासाठी फलटण, दहिगाव करणारे यात्रेकरू मंदिरांतील मूर्तींच्या आसनावरील लांछने ओळखून तीर्थंकरांची नावे सांगतात. तिसऱ्या तीर्थंकरांचे, भगवान संभवनाथांचे, लांछन घोडा. चक्रवर्तीच्या चौदा रत्नांतही अश्वरत्नाची गणना होते. तेव्हा जैन घराला घोडा अगदीच परका नाही. मात्र व्यवहारात त्याची गाठ बहुधा वरघोड्याच्या दिवशी, लग्नाच्या वरातीत, नाहीतर उन्हाळ्याच्या सुटीत माथेरानला पडते.

या मुलखातील तट्टाचे नाव भीमथडी. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठी वाढलेले ते भीमथडी तट्टू. उंचीने बेताचे, बांध्याने आटोपशीर, पायांनी काटक. मराठ्यांच्या फौजा ज्यांच्या पाठीवर उत्तरेपर्यंत गेल्या त्या घोड्यांत या तट्टांचा मोठा वाटा होता. महाराष्ट्राने 2023 साली राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या गीतातही त्यांचा उल्लेख आहे. दीर्घकाळ शास्त्राच्या वहीत त्यांची स्वतंत्र नोंद नव्हती. अलीकडे कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीला स्वतंत्र अश्वजात म्हणून मान्यता दिली. मारवाडी, काठियावाडी, स्पिती, झंस्कारी, भूतिया, मणिपुरी आणि कच्छी-सिंधी यांच्यानंतरची ही आठवी. फौजा गेल्या, आणि ज्यांनी ही जात आजवर टिकवून धरली ते धनगर आहेत. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांतील फिरस्त्या मेंढपाळांकडेच आज ही तट्टे प्रामुख्याने आढळतात.

दिवाळी सरली की माळावरचे गवत संपते आणि धनगरांचे वाडे हलतात. वाडा म्हणजे येथे घर नव्हे. एकत्र चालणाऱ्या काही कुटुंबांचा आणि त्यांच्या कळपांचा तो तळ. कोणी वरंधा घाटाने, कोणी कुंभार्लीने कोकणात उतरतो, कोणी देशावरच नदीकाठाने फिरतो. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवायच्या, त्या खताच्या बदल्यात धान्य किंवा रोख घ्यायची, आणि दोन-चार दिवसांनी पुढे निघायचे. पुरुष मेंढ्यांबरोबर रानातून जातात. तट्टांची दोरी बायकांच्या हाती असते. तट्टाच्या पाठीवर अवघे बिऱ्हाड असते: तंबूचे कापड आणि काठ्या, भांडी, पीठ-मीठ, घोंगड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे, आणि कधी त्या सगळ्यावर बसलेले एखादे मूल. तट्टू बसले तर संसार बसतो, असा हा हिशेब आहे. मोटार बंद पडली तर दुसरी मागवता येते. घाटाच्या मध्यावर पाय धरलेल्या घोडीला पर्याय मिळत नाही.

यांतील अनेक तट्टांना नाल नसते. नालबंद सर्वत्र मिळत नाही, मिळाला तरी दर काही आठवड्यांनी त्याला पैसे मोजणे परवडत नाही, हे कारण आहेच. परंतु अनवाणी खूर ही दुबळी वस्तू आहे असे समजण्याचे कारण नाही. घोड्याचा खूर म्हणजे आपल्या नखाच्याच जातीचा जाड, टणक कवच-भाग. तो वरच्या केसांच्या रेषेपासून खाली वाढत राहतो, महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर. पुढच्या बाजूचा संपूर्ण खूर नवा व्हायला 9 महिन्यांपासून वर्षभराचा काळ लागतो. तळाशी किंचित खोलगट तळवा आणि मागच्या बाजूने मध्यापर्यंत आलेला, रबरासारखा लवचीक त्रिकोणी भाग असतो. पाऊल टेकले की टाच किंचित फाकते, हा लवचीक भाग दाबला जातो आणि धक्का जिरतो. लहानपणापासून खडकाळ माळावर हिंडलेल्या शिंगराचा तळवा जाड होत जातो. सुमारे 2400 वर्षांपूर्वी ग्रीक सेनानी झेनोफन याने घोड्यांच्या अंगणात गोल दगड अंथरावेत, म्हणजे त्यावर उभे राहून खूर कणखर होतात, असे सुचवले होते. त्याने जे मुद्दाम करायला सांगितले ते माणदेशाच्या माळाने भीमथडीला न मागता दिले.

मग दुखणे येते कोठून? पहिले उत्तर रस्त्यावरच पडलेले आहे. माळावरच्या पाऊलवाटेची जागा डांबराने घेतली आणि रुंदीकरणाच्या कामांत मैलोन्‌मैल धारदार खडी पसरली गेली. खुराची झीज आणि खुराची वाढ यांचा ताळेबंद जुळेपर्यंत अनवाणी तट्टू सुखाने चालते. रोजची झीज वाढीपेक्षा जास्त झाली की तळवा पातळ होतो, आणि मग प्रत्येक खडा आत बोचू लागतो. विहारात साधू-साध्वींच्या मागे चार मैल अनवाणी चाललेल्या श्रावकाला याची कल्पना द्यावी लागत नाही. डांबर संपून खडी सुरू झाली की पावले कशी आखडतात, रस्त्याच्या कडेची माती पाय कसे आपोआप शोधतात, हे त्याने आपल्या तळव्यांनी शिकलेले असते. घोडा नेमके तेच करतो. फरक एवढाच की श्रावकाने ते व्रत म्हणून स्वीकारलेले असते आणि घोड्याला कोणी विचारलेले नसते.

रस्त्याच्या कडेला सरकणे ही म्हणूनच पहिली खूण. मोकळे सोडलेले तट्टू सारखे डांबर सोडून मातीवर जात असेल, खडी दिसताच थबकत असेल, तर त्याला हट्टी म्हणून हाकण्यापूर्वी त्याचे पाय पाहावेत. निरोगी घोडा चालताना टाच आधी किंवा सगळा खूर एकदम टेकवतो. टाचेत दुखत असेल तर तो बोटांवर चालल्यासारखा खुराचे टोक आधी टेकवतो. उभा असताना एकच पुढचा पाय वारंवार पुढे काढून हलका ठेवणे हीदेखील खूण आहे. घोड्याच्या वजनाचा सुमारे 60 टक्के भाग पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे दुखणे बहुधा तेथेच आधी प्रकटते. मागचा पाय आळीपाळीने सैल सोडून विश्रांती घेणे मात्र घोड्याच्या सवयीचे आहे. त्यात आजार शोधू नये.

एका पुढच्या पायाने लंगडणारा घोडा ओळखणे त्यामानाने सोपे. त्याला कठीण, सपाट जमिनीवर सरळ चालवावे आणि मानेकडे पाहावे. दुखरा पाय टेकताना मान वर उचलली जाते, चांगला पाय टेकताना खाली येते. अवघड असते ते दोन्ही पाय सारखेच दुखणाऱ्या जनावराचे. त्याची मान हलत नाही, तो लंगडत नाही. त्याची पावले फक्त आखूड होतात. पाहणारा म्हणतो, घोडा आळशी आहे, म्हातारा झाला आहे. चाबूक अशाच घोड्यांना अधिक बसतो. सर्वांत दीन अवस्थेतील जनावर सर्वांत कमी तक्रारखोर दिसावे, हा घोड्याच्या स्वभावाचा दोष नसून पाहणाऱ्याच्या डोळ्याचा आहे. घोडा कुत्र्यासारखा ओरडत नाही. कळपातील भक्ष्य-प्राण्याने दुर्बलता दाखवणे म्हणजे स्वतःहून वाघाला बोलावणे, हे त्याच्या रक्तातच आहे.

डोळ्यांनी पाहिले ते हाताने पडताळता येते. खुराच्या भिंतीवर हाताचा पालथा भाग ठेवावा. चारही खुरांची ऊब ताडून पाहावी. एकच खूर कढत लागला, आणि घोडा उन्हात उभा नव्हता, तर आत दाह आहे. घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटे हलकी टेकवली तर खुराकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचा ठोका लागतो. निरोगी जनावरात तो इतका मंद असतो की शोधावा लागतो. दाह असेल तेव्हा तो बोटांखाली उसळतो. जाणते धनगर ही परीक्षा कोणत्याही पुस्तकाशिवाय करतात. खूर उचलून तळवा स्वच्छ केला की आणखी गोष्टी दिसतात: मार बसल्याचे लालसर डाग, अडकलेला खडा, खिळ्याचे भोक, किंवा त्या त्रिकोणी भागाच्या खाचांत साचलेला काळा, कुजका, दुर्गंधी थर.

हा कुजका थर ओलाव्याने येतो. चिखलात, मुताच्या रिचीत तासन्‌तास उभ्या राहिलेल्या जनावराला तो हमखास होतो. कोकणच्या दमट हवेतून परतलेल्या आणि पांजरापोळातील ओल्या फरशीवर बांधलेल्या घोड्यांनाही. खाचा रोज साफ करणे, जागा कोरडी ठेवणे आणि पशुवैद्याने दिलेले औषध लावणे एवढ्याने तो बरा होतो. एक गैरसमज येथेच दूर करावा. गाई-म्हशींच्या तोंडाखुराच्या साथीचा, म्हणजे लाळ्या खुरकुताचा, घोड्याला संसर्ग होत नाही. घोड्याचे खूर दुखतात म्हणून साथीचे औषध पाजणे व्यर्थ आहे.

काल बरा असलेला घोडा आज तीन पायांवर उभा दिसला तर हाड मोडले असे वाटून घरची माणसे घाबरतात. पुष्कळदा तो खुरात झालेला पू असतो. लहानसा खडा किंवा भेगेतून शिरलेली घाण आत जाते, पू धरतो, आणि टणक कवचाला फुगण्यास जागा नसल्याने वेदना असह्य होते. पशुवैद्य तळव्यातून वाट करून देतात आणि पू निघताच जनावराला आराम पडतो. वाट न मिळाल्यास तो वर सरकत केसांच्या रेषेपाशी फुटतो. कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून त्यात पाय बुडवणे आणि नंतर स्वच्छ पट्टी बांधणे हा पूरक उपाय आहे. धनुर्वाताची लस मात्र विसरता कामा नये. घोडा हा धनुर्वाताला फार लवकर बळी पडणारा प्राणी आहे. दुखऱ्या पायावर तापल्या लोखंडाचा डाग देण्याची जुनी रीत काही ठिकाणी अजून चालते. तिने खुरातील पू निघत नाही, दाह कमी होत नाही. एका वेदनेवर दुसरी चढते इतकेच. वेदनाशामकही स्वतःच्या मनाने टोचू नये. डायक्लोफिनॅकवर जनावरांसाठी 2006 सालीच बंदी आली, कारण ते औषध दिलेल्या मृत जनावरांचे मांस खाऊन गिधाडे मरत होती. एका जिवाच्या आरामात दुसऱ्या जिवाची हानी कशी दडलेली असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

येथवरचे दुखणे रस्त्याचे आणि चिखलाचे. सर्वांत भयंकर दुखणे मात्र तोंडावाटे येते, आणि त्याचा संबंध या पट्ट्यातील उसाशी, गुऱ्हाळाशी, आणि स्पष्ट सांगायचे तर दयाळू माणसांशी आहे.

बाजारपेठेतून वाडा जाऊ लागला की दुकानाच्या पायरीवरून एखादे शेटजी उठतात, घोडीपुढे गुळाची ढेप फोडून ठेवतात. अमावास्येला, तिथीला, घरच्या तपश्चर्येच्या पारण्याला जीवदया म्हणून पांजरापोळात गूळ, लाडू, पुऱ्या, भिजवलेले हरभरे पोहोचवले जातात. घोडी ते आनंदाने खाते. देणाऱ्याला पुण्य लाभल्यासारखे वाटते. अशा वेळी एखादी जाणती धनगरीण दोरी आखडून म्हणते, "शेट, गूळ नगं तिला. पाय धरतील." शेटजींना ते बोलणे लागते. "आजी, मुक्या जिवाच्या तोंडचा घास कशाला काढता?" असे ते म्हणतात. आजी खोटे बोलत नसते.

घोड्याचे पोट रवंथ करणाऱ्या जनावराचे नव्हे. दिवसभर थोडे थोडे सुके गवत चरावे, अशी त्याची रचना आहे. एकदम भरपूर धान्य, गूळ किंवा गोड पदार्थ पोटात गेले की ते मोठ्या आतड्यात आंबते, तेथील सूक्ष्म जिवांचा तोल ढळतो, आणि त्यातून उठलेला विकार रक्तावाटे खुरापर्यंत पोहोचतो. पोटातले दुखणे पायात उतरते, ते बहुधा एक-दोन दिवसांनी. म्हणून गुळाचा आणि लंगडण्याचा संबंध कोणाच्या ध्यानी येत नाही. दुसरा मार्ग संथ आहे. लहान चणीची, कमी चाऱ्यावर तगण्यास सरावलेली तट्टे रिकामी उभी राहून चांगले-चुंगले खाऊ लागली की माजतात. मानेवर चरबीची वळी चढते, रक्तातील साखरेचे नियमन बिघडते आणि खूर आतून कुरकुरू लागतात. दुष्काळी माळाने घडवलेल्या शरीराला सुकाळ सोसत नाही.

या रोगाचे नाव लॅमिनायटिस. खुराच्या कवचाच्या आत एक हाड असते. ते कवचाला चिकटवलेले नसते. दोन वह्यांची पाने एकमेकांत गुंतवून दाबावीत आणि मग त्या ओढूनही सुटू नयेत, तशा शेकडो नाजूक पापुद्र्यांनी ते कवचाच्या आतून टांगलेले असते. घोड्याचा सगळा भार या पानांवर तोललेला आहे. दाहाने ही पाने सुटू लागली की हाड कवचापासून ढळते, त्याचे टोक खाली झुकते आणि फार झाले तर तळव्यातून बाहेर येते. अशा घोड्याची उभे राहण्याची ढब एकदा पाहिली की विसरत नाही: पुढचे पाय पुढे ताणलेले, अंगाचा भार मागच्या पायांवर रेललेला, वळायला सांगितले तर जागच्या जागी थरथर. बरेच घोडे आडवे पडून राहणे पसंत करतात. पूर्वी होऊन गेलेल्या अशा दाहाची खूण खुराच्या भिंतीवर वलयांच्या रूपात राहते, आणि ती वलये टाचेकडे एकमेकांपासून फाकत जातात. घोडा विकत घेणाऱ्या जाणत्याची नजर दातांनंतर तेथेच जाते.

लॅमिनायटिसचा संशय आला की तासांचा हिशेब असतो. पशुवैद्याला तत्काळ बोलवावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा शासकीय क्रमांक आहे. तोवर धान्य, गूळ, उसाचे वाढे, कोवळा हिरवा चारा सर्व बंद करून केवळ सुके गवत द्यावे, आणि तेही तासभर पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून टाकून, म्हणजे त्यातील साखर उतरते. पिण्याचे पाणी सतत समोर असावे. खूर थंड पाण्यात, शक्य असल्यास बर्फाच्या पाण्यात, घोट्यापर्यंत बुडवून ठेवावेत. पहिल्या 48 तासांत याचा उपयोग सर्वाधिक होतो. जाड, मऊ अंथरूण करावे, वाळू असल्यास उत्तम. पाय मोकळे व्हावेत म्हणून चालवण्याचा मोह मात्र आवरावा. प्रत्येक पावलागणिक त्या सुटत्या पानांवर घाव बसतो.

झिजलेल्या तळव्याचा उपचार याच्या मानाने साधा आहे, पण त्यालाही वेळ द्यावा लागतो, आणि वाटेवरच्या वाड्याकडे नेमका वेळच नसतो. मऊ जमिनीवर विश्रांती, ओझे कमी, खडीची वाट टाळणे. तातडीला खुराखाली जाड कापडाची किंवा फोमची गादी ठेवून चिकटपट्टीने बांधली तर जनावर मुक्कामापर्यंत पोहोचते. खुराला घालण्याचे रबरी बूटही आता मिळतात. पांजरापोळासारख्या संस्थेने दोन-तीन मापांचे जोड ठेवावेत असे ते उपयोगी आहेत. आणि चालच अशी असेल की झीज वाढीला मागे टाकणारच, तर पुढच्या पायांना नाल मारणे हेच दयेचे. नालेला नावे ठेवण्याचा आणि अनवाणी चालण्याचा गौरव करण्याचा जो एक सूर हल्ली ऐकू येतो, तो खुरावर लागू करण्याआधी त्या खुराखालचा रस्ता पाहावा.

तासकामातही अति झाले की हाल होतात. खुराच्या कडा कानशीने गोल करणे, वाढलेले टोक मागे आणणे हे काम दर 6 ते 8 आठवड्यांनी व्हावे. हौशी हाताने तळवा खरवडून गुळगुळीत केला तर दिसायला सुबक होतो, आणि दुसऱ्याच दिवशी घोडा काचेवर चालल्यासारखा चालू लागतो. फिरत्या तट्टाचे खूर रस्ताच कातरतो. पांजरापोळात बांधलेल्या घोड्याचे तसे नसते. त्याचे खूर वाढून होडीसारखे पुढे वळतात, कडा चिरतात, टाच दबते. वाटेवर जास्त झीज, आश्रयस्थानी जास्त वाढ. संस्थेच्या ताळेबंदात चाऱ्याचा खर्च मोठ्या अक्षरांत असतो. नालबंदाच्या नावाने एक ओळही नसते. विश्वस्तांनी पुढच्या सभेत ती ओळ आहे का, एवढे पाहावे.

आणि वरघोडा. वर्षीतपाचे पारणे अक्षय तृतीयेला येते, म्हणजे ऐन वैशाखात. महावीर जन्मकल्याणक चैत्रात. मिरवणूक उन्हात, डांबरावर, बँडच्या गजरात दोन-तीन तास चालते. भाड्याने आणलेल्या घोड्याची झूल, तुरा, मखमल यांची पाहणी कौतुकाने होते. ठरवतानाच मालकाला सांगून घोडा रस्त्यावर वीस पावले सरळ चालवून आणि दोन्ही बाजूंना वळवून पाहण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. त्याची मान हलते का, पावले आखूड पडतात का, खुरावर हात ठेवू देतो का? नाही देत, तर दुसरा घोडा मागवावा, नाहीतर रथ माणसांनी ओढावा. माथेरानला खोगिरावर बसण्याआधीही हेच. आजारी, जखमी किंवा लंगड्या जनावराला कामाला जुंपणे 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. श्रावकाला तर कायद्याची वाट पाहण्याचे कारणच नव्हते. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार मोजले आहेत, त्यांत बांधणे, मारणे, अवयव छेदणे आणि अन्नपाणी रोखणे यांच्याबरोबर क्षमतेबाहेर भार लादणे हाही आहे. क्षमता घोड्याच्या आकाराने ठरत नाही. निरोगी जनावराच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या साधारण एक-पंचमांश भार चालतो असे मानतात. दुखऱ्या पायाच्या जनावराला रिकामी झूलदेखील जड होते.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीत जुळी कोकरे देणारा गुण आणून 'नारी सुवर्णा' ही मेंढी घडवली, आणि मेंढपाळाच्या उत्पन्नाला त्याने हातभार लागला. त्या मेंढीची कोकरे ज्याच्या पाठीवरून घाट उतरतात त्या तट्टासाठी मागण्या फार छोट्या आहेत. रुंद केलेल्या रस्त्यांच्या कडेला हातभर मातीची पट्टी उघडी राहावी. मुक्कामाच्या गावी पशुवैद्यकीय दवाखान्यात घोड्याचा पाय उचलून पाहणारा माणूस असावा. आणि बाजारपेठेतून जाताना कोणाला द्यावेसेच वाटले तर कडब्याची पेंढी द्यावी. तिची किंमत गुळाच्या ढेपेहून फार वेगळी नसते.

मृगाच्या आधी वाडे परततात. कोकणचा ओलावा शोषून मऊ झालेले खूर घाटमाथा ओलांडताच पुन्हा कोरड्या, कडक जमिनीवर पडतात. या आठवड्यात भेगा सर्वाधिक पडतात आणि याच आठवड्यात रस्ताही सर्वाधिक लांब असतो, कारण पाऊस गाठण्याआत माळ गाठायचा असतो. लोणंदच्या अलीकडे नीरेच्या पाण्यात मेंढ्या धुतल्या जातात, तोवर बायका तट्टांची ओझी उतरवून त्यांना वाळूवर मोकळे सोडतात. भार उतरताच तट्टू आधी लोळते. मग ते उठून पाण्यात घोट्यापर्यंत जाते आणि बराच वेळ तेथेच उभे राहते. त्याला हाकून बाहेर काढण्याची घाई कोणी करत नाही.